शेजारच्या सीटचा ब्रेक

नीलांबरी पिंगळे घरी सोफ्यावर बसलेली असली तरी तिचा उजवा पाय ड्यूटीवर असायचा. टीव्हीवर एखादी गाडी जरा जोरात वळली की तिची टाच फरशीत रुतायची आणि दत्तोपंत म्हणायचे, "अगं, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतील." दत्तोपंत हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नाव दत्तात्रय. पण ऐन तिशीतच गृहस्थ इतक्या सबुरीनं बोलायला लागले की बायकोनं त्यांना बढती देऊन टाकली. एका पंप विकणाऱ्या कंपनीत ते हिशेब बघायचे, दोहाच्या अल मुंतझा भागातल्या जुन्या बिल्डिंगमधल्या फ्लॅटवर परत यायचे आणि मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर घ्यायचे. त्यांच्याविषयी एवढं पुरे.

नीलांबरीविषयी मात्र थोडक्यात भागत नाही. दोहातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवायची, हा तिचा पेशा. शिकणारी डावीकडे स्टिअरिंगवर, ही उजवीकडे, आणि हिच्या पायाशी दुसरा ब्रेक. बाकी सगळी गाडी स्कूलची होती, तो ब्रेक तेवढा नीलांबरीचा. त्या ब्रेकवर किती जणी वाचल्या असतील याची त्या वाचलेल्या बायकांनाही कल्पना नाही. पाय कधी पडला हे शिकणारीला कळताही कामा नये, अशी तिची रीत होती. गाडी हळूच थांबायची, आणि शिकणारीला वाटायचं की आपणच थांबवली. "एकदा घाबरली की पुढचे दहा धडे वाया," असं ती म्हणायची.

नाशिकहून लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलसुद्धा धड येत नव्हती. इथल्या टेस्टला ती इतक्यांदा नापास झाली की परीक्षा घेणाऱ्या पोलीसबाईनं शेवटी तिच्या मुलाची चौकशी करायला सुरुवात केली. एकदाची पास झाली. मग, जी बाई इतक्या प्रकारांनी चुकू शकते तिला दुसरीची चूक लवकर दिसेल, असं म्हणून स्कूलनंच तिला ठेवून घेतलं. तो अंदाज बरोबर निघाला. पुढे चाललेल्या गाडीच्या नुसत्या पाठीकडे बघून ती सांगायची, हा फोनवर बोलतोय, ही रडतेय, याचं सकाळी घरात वाजलंय. बहुतेक वेळा खरं निघायचं. खरं न निघालेल्या वेळा ती कुणाला सांगत नसे.

फोनचा तिला राग होता. तिच्या गाडीत कुणाचा फोन वाजला तर धडा तिथंच बंद. हिंदी, इंग्रजी, मोडकं अरबी, तिन्ही भाषांत ती हे सुनवायची. स्वतःचा फोन आवाज बंद करून मांडीवरच्या पर्समध्ये ठेवायची.

अफशां तिच्याकडे आली ती रीतसर 'मॅडम, मॅडम' करत. दुसऱ्या वळणावर नीलांबरीच्या तोंडून "अगं बाई, हळू!" निघून गेलं आणि त्या पोरीनं रस्ता सोडून हिच्याकडेच मान वळवली. "तुमी महाराष्ट्राच्या का ओ?"

"समोर बघ!"

"बघायले की. पन सांगा तर."

अफशां परभणीची. नर्सिंग शिकलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बोलायला लागली की हात स्टिअरिंगवरून सुटणारी. नवरा युसुफ इथं एसी दुरुस्तीच्या कामात होता. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या एका कंपनीनं तिला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, लायसन्स. नोकरी लागली की परभणीला आजीजवळ ठेवलेली लेक इकडे आणायची, एवढा एकच बेत त्या पोरीच्या डोक्यात होता. रिव्हर्स पार्किंग जमलं की म्हणायची, "आली माझी पिल्ली अर्ध्या रस्त्यात."

'मॅडम'ची 'काकू' व्हायला दोन धडे लागले. त्यानंतर नीलांबरीच्या डब्यातलं एक घर अफशांचं झालं. गणपतीत मोदक, सत्यनारायण झाला तर शिरा. शिऱ्याच्या वेळी नीलांबरीनं आधीच सांगितलं होतं, की बाई, हे देवापुढचं आहे, चालत नसेल तर राहू दे. अफशां बोटं चाटत म्हणाली, "देवाचं तुमचं तुमी बघा काकू, तूप-साखर माझी." युसुफला मात्र ती यातलं काही सांगत नव्हती. तो वाईट नव्हता, पण धर्माच्या बाबतीत कडक होता, आणि घरात शांतता असलेली तिला आवडायची.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना श्रेयस आला.

श्रेयस म्हणजे पिंगळ्यांचा एकुलता एक. इथंच वाढला, इथल्याच इंग्रजी शाळेत शिकला. आई मराठीत बोलायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि दोघांनाही आपण एकाच भाषेत बोलतोय असं वाटायचं. टोरांटोला शिकायला गेला, तिथंच नोकरीला लागला, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा घरी आला. आला तो जेवला न जेवला, झोपला. सकाळ झाली तरी उठण्याचं चिन्ह नाही. नीलांबरीनं दोनदा दार उघडून बघितलं. एवढा मोठा घोडा झाला तरी तोंड उघडं टाकूनच झोपतो, हे बघून तिला बरं वाटलं. मग आया जे करतात ते तिनं केलं. मळके कपडे मशिनला लावायचे म्हणून त्याची बॅग उघडली.

कपड्यांच्या घड्यांमध्ये एक टिनचा डबा होता. वर लाल मेपलचं पान, कॅनडाचं नाव, विमानतळावर पाहुण्यांसाठी विकतात तसला. आत साखरेत घोळवलेल्या केशरी, हिरव्या, जांभळ्या चौकोनी वड्या. हुबेहूब पेरूच्या वड्यांसारख्या. 'बघा, विसरला नाही,' असं ती मनात म्हणाली. पोरगं आईसाठी काही आणत नाही म्हणून जी मनातल्या मनात तयारी करून ठेवली होती ती सगळी फुकट गेली, आणि तिला भरून आलं.

पिंगळ्यांच्या घरात बाहेरून आलेला कुठलाही जिन्नस आधी देवापुढे जातो. नवा मोबाइल, दत्तोपंतांच्या बोनसची बातमी, श्रेयसचं ॲडमिशन, सगळं कपाटातल्या देव्हाऱ्यापुढे थोडा वेळ बसून येतं. वड्याही बसल्या. दिवस संकष्टीचा. उपासाला साबूदाणा चालतो, रताळं चालतं, पण परदेशी जेली चालते की नाही याचा निकाल नीलांबरीला लागेना, म्हणून स्वतःपुरत्या तिनं चंद्रोदयानंतरसाठी ठेवल्या. दत्तोपंतांना साखर वर्ज्य. त्यांनी वडीला हात लावून तो कपाळाला लावला आणि ते ऑफिसला गेले. राहिली अफशां. नीलांबरीनं छोट्या डबीत काही वड्या भरल्या आणि आनंदानं कामाला निघाली. तो आनंद अगदी खरा होता, हे सांगायला हवं. पुढं जे झालं ते त्या आनंदानंच झालं.

"मुलगा आला माझा," गाडीत बसल्या बसल्या तिनं डबी उघडली. "तोंड गोड कर."

अफशांनं एक वडी तोंडात टाकली. "मस्त आहे की ओ. थोडी कडवट लागते मागून."

"तिकडची फळंच तशी असतील. आणि एकानं काय होतंय? घे आणखी एक."

दुसरी वडी नीलांबरीनं स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातली.

आधी मैदानावरचा सराव झाला. पार्किंग, चढावर गाडी थांबवणं, सगळं नेहमीसारखं. मग रस्त्यावरच्या सरावाच्या गाड्या सुटायला वेळ होता म्हणून दोघी सावलीत बसल्या आणि नीलांबरीनं श्रेयसचं पुराण लावलं. रस्त्यावर निघाल्या तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. अल अझीझियाच्या बाजूला व्हिलांच्या मधले रस्ते त्या वेळी रिकामे असतात, शिकणाऱ्यांना बरे पडतात.

अफशां हळू चालवत होती. फारच हळू. हिरव्या सिग्नलला थांबली आणि मग आपणच हसली. आरशात बघितलं की बघतच राहायची. नीलांबरीला हे दिसत होतं. दिसणं हाच तर तिचा पेशा. एरवी तिनं गाडी बाजूला घ्यायला लावून विचारलं असतं, की झोप झाली नाही का, घरी काही झालंय का, औषध घेतलंस का. आज तिला वाटलं, पोरीचं युसुफशी वाजलं असेल, जाऊ दे, आजच्या दिवशी कुणाला बोलायला नको.

"अगं, किती हळू?"

"हळूच बरं की काकू," अफशां म्हणाली. जीभ जड झाल्यासारखी वाटत होती. "ते सर्कल आज केवढं मोठं दिसायलंय ओ."

सर्कलच्या तोंडाशी गाडी थांबली. गोलात एकही गाडी नव्हती, तरी ती थांबलेलीच. तेवढ्यात मांडीवरची पर्स थरथरली. नीलांबरीनं दुर्लक्ष केलं. थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली. तिसऱ्यांदा झाली तेव्हा तिनं पर्सची चेन उघडून आत बघितलं. स्क्रीनवर श्रेयसचं नाव होतं. उठला वाटतं, असं तिच्या मनात आलं, आणि ती नाव वाचून हसली. त्याच वेळी अफशांनं गाडी पुढे घेतली.

पाय ब्रेकवर पडला, पण आवाज झाल्यावर.

मोटरसायकलवरचा मुलगा जेवणाचे डबे पोहोचवणारा होता. हमजा त्याचं नाव, हे नंतर कळलं. डब्यांची पेटी फुटून बिर्याणी रस्त्यावर सांडली होती आणि तो शुद्धीवर होता. "मेरा पाँव, मेरा पाँव," एवढंच म्हणत होता. अफशां धावत गेली, नर्सच ती, ओढणीनं त्याची मांडी आवळून बांधायला लागली. पण तिला गाठ बसेना. एवढ्या माणसांना जखमा बांधलेल्या त्या बोटांना साधी गाठ सापडत नव्हती, आणि ती गाठीकडे बघत राहिली. हे घाबरल्याचं नव्हे, हे काहीतरी वेगळं आहे, हे नीलांबरीला त्या रस्त्यावर उभ्या उभ्या कळलं.

हॉस्पिटलमध्ये दोघींचं रक्त घेतलं. एवढा मोठा अपघात म्हटल्यावर घेणारच. नीलांबरीनं बाहेरच्या खुर्चीवर बसून श्रेयसला उलटा फोन लावला.

"आई! व्हेअर इज द टिन? माझ्या बॅगमधला टिन?"

"वड्यांचा? देवापुढे ठेवला होता. अरे, ऐक, इकडे अपघात..."

"तू खाल्लीस? आई, टेल मी, डिड यू ईट इट?"

"मला उपास आहे. अफशांला दिल्या दोन."

पलीकडे तो रडायला लागला. पंचवीस वर्षांचा मुलगा, कॅनडात नोकरी करणारा, फोनवर हुंदके देत होता. त्यातून जे कळलं ते असं, की त्या वड्यांत गांजा होता. तिकडे कायद्यानं मिळतो, दुकानात, बिल घेऊन. याला झोप लागत नाही म्हणून हा अर्धी वडी खातो. अर्धी.

नीलांबरी सत्तावीस वर्षं कतारमध्ये होती. इथं त्या वस्तूचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाही. पकडला गेला तर तुरुंग, आणि मग खलास, सामान आवरायलाही वेळ न मिळता परतीचं विमान, हे इथल्या प्रत्येक घराला पाठ असतं. आणि तिच्या पोरानं ते लाल पानाच्या डब्यात घालून कस्टममधून चालत आणलं होतं.

तिनं फोन ठेवला तेव्हा समोर पोलीसबाई उभी होती. सोबत हिंदी बोलणारा एक माणूस. पोलीसबाई सभ्य होती, वहीसुद्धा उघडली नव्हती. "तुमची विद्यार्थिनी काही औषध घेते का? आज सकाळी तुमच्यासमोर तिनं काही खाल्लं, प्यायलं?"

आयुष्यातले काही प्रश्न विचार करायला सवड देत नाहीत, आणि हा तसला होता असं नीलांबरी पुढे स्वतःला सांगत राहिली. ते खोटं आहे. सवड होती. त्या माणसाला प्रश्न अरबीतून हिंदीत करायला लागला तेवढी.

"नाही," ती म्हणाली. "माझ्यासमोर तरी नाही."

अफशांला पोलिसांनी ठेवून घेतलं. नीलांबरी घरी आली तेव्हा दत्तोपंत ऑफिसातून येऊन पोचले होते आणि उरलेल्या वड्या संडासात गेल्या होत्या. डबा श्रेयसनं हातानं चेपला होता आणि आता चेपलेल्या डब्याचं काय करायचं हे बापलेकांना सुचत नव्हतं.

"पाकिटावर काही लिहिलेलं नसतं का रे?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"असतं. मोठी वॉर्निंग असते. गाडी चालवू नका, मुलांपासून लांब ठेवा, सगळं असतं."

"मग ते पाकीट कुठंय?"

"फेकलं. एअरपोर्टवर पकडतील म्हणून." तो मान खाली घालून बसला होता. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "आई, तिकडे एवढं काही नसतं गं. पीपल डू ड्राइव्ह. सगळे म्हणतात, उलट हळूच चालवतात. इन कॅनडा ही केस एवढी मोठी झाली नसती."

नीलांबरीनं आयुष्यात पोरावर हात उचलला नव्हता. तेव्हाही उचलला नाही. पण ती इतक्या जोरात ओरडली की दत्तोपंत खिडकी लावायला उठले.

"हळू म्हणजे नीट नव्हे रे मेल्या! मी बाजूला बसले होते. तिला तो मुलगा दिसत होता आणि किती लांब आहे ते कळत नव्हतं! तुझ्या कॅनडात काय पाय तुटत नाहीत? कायद्यानं खाल्लं म्हणून पाय मधे येत नाही का?"

हमजाचा पाय गुडघ्याखालून काढावा लागणार, हे हॉस्पिटलमधून निघतानाच तिला कळलं होतं.

श्रेयसला दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवला. रिपोर्ट यायच्या आत जायला हवा होता, याबाबत तिघांचं एकमत झालं. आणि ते इतकं पटकन झालं की त्याची तिघांनाही लाज वाटली. विमानतळावर तो आईच्या गळ्यात पडला आणि मराठीत म्हणाला, "मी काय करू, सांग." लहानपणानंतर प्रथमच तो तिच्याशी एवढं सरळ मराठी बोलला होता. ती म्हणाली, "जा."

बेत असा होता, की पोरगं एकदा सुखरूप पोचलं की पोलिसांत जायचं आणि सगळं सांगायचं. नीलांबरीनं हे मनाशी पक्कं ठरवलं होतं. तो पोचला. त्याचा मेसेज आला. तिनं जायचे कपडे केले, ओळखपत्र घेतलं. दत्तोपंत दारात उभे होते. अडवून नव्हे, नुसते उभे.

"काय सांगशील?" त्यांनी विचारलं.

"जे झालं ते."

"तिनं खाल्लं तर तिच्यावर एवढं बालंट आलंय. तू तर दिलंस. डबीत भरून नेलंस, हातानं भरवलंस. देणाऱ्याला काय म्हणतात इथं, माहीत आहे ना?" ते नेहमीच्याच सबुरीनं बोलत होते. "आणि आलं कुठून विचारतील. मुलगा आला आणि दोन दिवसांत गेला, हे त्यांना दिसणारच. तो पुन्हा इकडे पाऊल ठेवू शकणार नाही, तू आत, माझी नोकरी गेली. एवढं होऊनही ती सुटेल याची खात्री कोण देतो?"

"मग तिनं भोगायचं?"

दत्तोपंत दारातून बाजूला झाले. दार उघडंच होतं, आणि नीलांबरी ओळखपत्र हातात धरून सोफ्यावर बसली. उद्या जाऊ, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी वकिलाला विचारून जाऊ, असं ठरलं. वकिलाला काय म्हणून विचारायचं, हे काही ठरलं नाही.

रिपोर्ट आला. नीलांबरीचा स्वच्छ होता. अफशांचा जसा यायचा तसाच आला.

स्कूलनं नीलांबरीला काही दिवस घरी बसवलं, चौकशी केली आणि परत बोलावलं. शिकणारीच नशेत होती म्हटल्यावर शिकवणारी बिचारी काय करणार, असं सगळे म्हणाले. एका सहकारी बाईनं तर तिला मिठी मारली. ती मिठी तिनं कशी सोसली ते तिचं तिलाच माहीत. कामावर पहिल्याच दिवशी तिनं सरळ रिकाम्या रस्त्यावर विनाकारण ब्रेक मारला आणि शिकणारी दचकून रडायला लागली.

मग एके दिवशी संध्याकाळी युसुफ घरी आला. नीलांबरीनं त्याला आधी एकदाच पाहिलं होतं. दाढी वाढलेली, कामाच्या निळ्या शर्टातच आलेला. चहा घेतला नाही. "आंटी, आप साथ में थीं," तो म्हणाला. "मला खरं सांगा. तिला कोण भेटायचं? कोणाशी बोलायची? ती म्हणते, मी काही घेतलं नाही. मग रिपोर्ट खोटं बोलतो का?"

"चांगली मुलगी आहे ती," नीलांबरी कशीबशी म्हणाली.

"मलाही तसंच वाटायचं." तो हिंदीत, थांबून थांबून बोलत होता. "माझ्या आईनं परभणीहून मुलीला आपल्याकडे नेलंय. अशा बाईच्या माहेरी ठेवायची नाही म्हणते. मी काय सांगू आईला? ती मलाच खरं सांगत नाही." जाताना त्यानं विचारलं, "तिला तुमच्याशी बोलायचंय. फोन करू देतात आतून. तुमचा नंबर दिला तर चालेल?"

चालेल, असं नीलांबरी म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं पुन्हा ठरवलं. अफशांचा फोन आला की आधी तिला सांगायचं. पोलिसांना मग. आधी तिला, कारण तिच्या जिवाला निदान एवढं तरी कळायला हवं की तिचं काही चुकलं नव्हतं. यावेळी दत्तोपंतांना तिनं काही विचारलं नाही. वाक्यंही जुळवून ठेवली. भाजी चिरताना, अंघोळ करताना, गाडीत दोन धड्यांच्या मधे, ती वाक्यं म्हणून बघायची.

फोन आला तो दुपारी. ती स्कूलच्या आवारात सावलीला उभी होती.

"काकू? मी बोलायले. वेळ थोडा देतात, ऐका." अफशांचा आवाज खाली आला होता, बोलायची घाई मात्र तीच. "त्या पोराचा पाय कसा आहे?"

"बरा आहे," नीलांबरी म्हणाली. पाय नव्हताच.

"काकू, मी सारखा विचार करायले. मला त्या दिवशी झालं काय? तो मला दिसला होता ओ. दिसला होता, पन लई लांब होता. रस्ता लांब लांब जायलाय असं वाटलं. माझ्या डोक्यात काही बिघाड तर नाही? माझी मावशी तशीच होती, घरातून उठून जायची. इथली डॉक्टर म्हनते, नशा केली. मी आयुष्यात कधी सुपारी खाल्ली नाही काकू. तुमी बाजूला होता. तुमाला सगळं दिसतं. तुमी सांगा, मी वेडी झाले का?"

"नाही गं. अफशां, तू..."

"युसुफ म्हनतो, कुनी दिलं ते सांग. पोलिसांनी पन तेच विचारलं, सकाळपासून काय काय खाल्लं. मी सगळं सांगितलं. चहा, ब्रेड, रात्रीचं कालवन. तुमच्या वड्यांचं तेवढं नाही सांगितलं."

नीलांबरीचा हात भिंतीला टेकला.

"देवापुढच्या होत्या ना. म्हनलं, उगी काकूच्या घरी जातील, देव्हारा बघतील, पूजा काय करता, प्रसाद काय वाटता, नसता ताप. माझं तर जे व्हायचं ते झालंय. आनि तुमचं लेकरू त्याच दिवशी आलं होतं की, किती खूश होता तुमी."

"अफशां," नीलांबरी म्हणाली. जुळवलेली वाक्यं जिभेवर होती. "त्या वड्या..."

"काई काळजी करू नका काकू. मरेपर्यंत माझ्या तोंडातून निघनार नाही."

पलीकडे कुणीतरी अरबीत वेळ संपल्याचं सांगत होतं. अफशां वाट बघत होती. काकूंनी हो म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, अशी तिची सवय होती.

"बरं," नीलांबरी म्हणाली.